नाक्यापलीकडचं गाव

रस्त्यावर बैलगाडीचं चाक वाजलं, की ते उठून उभे राहायचे. जेवत असले तर हातातला घास ताटात ठेवून, पूजेला बसले असले तर घंटी खाली ठेवून. गाडी दारावरून पुढे जाईपर्यंत उभेच. मग आपण कशासाठी उठलो हे ध्यानात येऊन ओशाळे व्हायचे आणि पुन्हा बसायचे. काकू भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणायच्या, "बसा आता. ती गाडी तुमची न्हाई."

सरकारी नोकरीतून मोकळी झालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी कचेरीच्या वेळेला पागोटं बांधून ओट्यावर बसतं, कुणी सुनांना हुकूम सोडतं. आमचे नाकेदारसाहेब गाडी आली की उठायचे, एवढंच. उभी हयात त्यांनी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांवर काढली होती. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. लोक त्याला मोगलाई म्हणत. मोगलाई संपून इंग्रजी मुलूख सुरू होई, तिथे रस्त्यावर एक लाकूड आडवं असे. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालाचा महसूल भरला की ते वर जाई. ते वर करायचं की नाही हे ठरवणारा माणूस म्हणजे नाकेदार.

मी पाटोद्याला मास्तर म्हणून गेलो, तेव्हा ते नुकतेच वजिफ्यावर घरी आले होते. पेन्शनला तेव्हा वजीफा म्हणत. मी नवाकोरा बी. ए. होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटी हातात धरली नव्हती. वडील मेंढरं राखत. हैदराबादेत शिकून आलो होतो खरा, पण गावात खोली मागायला गेलो की घराणं विचारत आणि मग खोली नसे. नाकेदारसाहेबांनी घराणं विचारलं नाही. माझ्या पत्र्याच्या पेटीखाली हात घालून ती जराशी उचलली आणि विचारलं, "काय माल हाय?"

"पुस्तकं," मी म्हणालो आणि का कोण जाणे, पेटी उघडून दाखवली.

त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि एकदम हात मागे घेतला. "माफ करा, मास्तर. खोड हाय." त्याच दिवशी त्यांनी मला पुढची खोली दिली. दुसऱ्या दिवशी काकूंनी जेवायला हाक मारली, आणि नंतर तर हाक मारायचीही गरज राहिली नाही. मी त्या घरात वर्षभर जेवलो. आज चार शब्द नीट लिहितो, त्यात त्या भाकरीचा वाटा आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

वजीफा सुरू झाल्यावर त्यांनी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे दमणी. दमणी म्हणजे माणसांनी बसायची हलकी, छपराची बैलगाडी. तिला पांढऱ्या बैलांची जोडी. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या अडवल्या, आता आपली गाडी हाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. हाकायला माणूस ठेवला नाही. पुढे ते, मागे काकू, पायाशी भाकरीचं गाठोडं आणि पाण्याची चरवी. पोरंबाळं नव्हती, त्यामुळे कुलूप लावलं की घर आवरलं.

त्या वर्षी ती दोघं किती हिंडली! थंडीत मांजरसुंब्याच्या बाजूला एका ओळखीच्याच्या रानात हुरडा खायला गेली आणि काकू येताना बोरांची पाटी घेऊन आल्या. घाटनांदूरला बाजार पाहायला गेली. त्या बाजारात साहेबांनी चालता चालता एका व्यापाऱ्याच्या पोत्याखाली हात घातला आणि विचारलं, "काय माल हाय?" व्यापारी घाबरून पोत्याचं तोंड सोडायला लागला आणि हळदीशिवाय आत काही नाही म्हणून शपथा घ्यायला लागला. काकू लांबून ओरडल्या, "अवो, सोडा ते पोतं. बाजाराला आलाय, झडतीला न्हाई." ही हकीकत त्या मला सांगत होत्या तेव्हा साहेब शेजारी बसून मन लावून सुपारी कातरत होते.

परत आल्यावर संध्याकाळी ओट्यावर बसून दोघं कुठे काय पाहिलं त्यावर भांडत. त्यांना रस्ता आठवे, काकूंना माणसं. घाट कुठे चढला, उतार कुठे लागला हे ते सांगायचे, आणि काकू सांगायच्या की त्या उतारावरच्या घरातली सून पोटुशी होती आणि तिला ताक हवं होतं. मी दोन्ही बाजू ऐकायचो.

पूर्वेला झालं, दक्षिणेला झालं. पश्चिमेला मात्र दमणी कधी गेली नाही. पश्चिमेला नगरची वाट होती. त्या वाटेवर साहेबांचा शेवटचा नाका, आणि नाक्यापलीकडे चार कोसांवर काकूंच्या धाकट्या बहिणीचं गाव.

काकू अधूनमधून विचारायच्या, "पलीकडं कवा जायचं?"

"बेशक जायचं," साहेब म्हणायचे. "पाडवा होऊ दे."

पाडवा झाला की आखाजी, आखाजी झाली की पेरण्या. बेशक हा त्यांचा आवडता शब्द होता. तो त्यांनी उच्चारला की ते काम होणार नाही, हे मीसुद्धा दोन महिन्यांत ओळखायला शिकलो होतो.

त्यामागची गोष्ट काकूंनीच मला एकदा तांदूळ निवडताना सांगितली. बरीच वर्षं झाली होती. साहेब त्या नाक्यावर होते आणि काकू तिथल्याच सरकारी घरात राहत. दारात उभं राहिलं की बहिणीच्या गावाकडे जाणारा रस्ता दिसे. एकदा बहीण भेटायला आली. काकूंसाठी लुगडं घेऊन आली होती. साहेबांनी मेव्हणीचं गाठोडं सगळ्या गाडीवाल्यांसमोर सोडलं, लुगड्याचा महसूल मागितला आणि भरल्याची खूण म्हणून पदराच्या कोपऱ्यावर सरकारी शाईचा निळा ठप्पा मारला. तो नेम होता आणि नेम सगळ्यांना सारखा. बहिणीनं ते ठप्प्याचं लुगडं तिथंच बाकावर ठेवलं. "अक्काला लुगडं न्यायला सरकारला इचारावं लागत आसंल, तर मला अक्का न्हाई," असं म्हणून आल्या पावली परत फिरली. काकू दारात उभ्या होत्या. बहीण त्यांच्यापासून पन्नास पावलांवर होती. ती पुन्हा आली नाही.

आणि काकूही गेल्या नाहीत. कारण त्या दिवसापासून साहेबांनी घरात एक नियम केला, आपल्या घरची गाडी आपल्या नाक्यावरून जायची नाही. तपासली तर बायकोची बेअब्रू, न तपासली तर नोकरीची.

"अन् आता तर नोकरी न्हाई," काकू म्हणाल्या. "आता कावून जात न्हाईत, ते मला ठाऊक हाय. मेव्हणीपुढं उभं राहायची लाज वाटती. मी बोलून दाखवत न्हाई इतकंच." एक खडा बाजूला टाकून त्या पुढे म्हणाल्या, "तीबी आता म्हातारी झाली आसंल, मास्तर. मी तिला डोळ्यांपुढं आणते तर ती तवाचीच दिसती."

पुढे माझे डोळे अधू झाले. फळ्यावर मी लिहिलेलं मलाच दिसेना. नगरला जाऊन चष्मा करायचा होता. इंग्रजी मुलखातून नगरला मोटार जात असे, पण तिथवर गाडी हवी. मी जेवताना साहेबांसमोरच कुणाची गाडी मिळेल का म्हणून विचारत होतो. काकू चुलीपासून म्हणाल्या, "दुसऱ्याची कशाला? दमणी हाय की. मास्तर आपल्या घरचं माणूस हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मी तोंडातला घास चावायचा थांबलो. "बेशक," ते म्हणाले. पाडवा, आखाजी काही पुढे आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. निघताना काकूंच्या मांडीवर एक गाठोडं होतं. ते त्यांनी वाटभर खाली ठेवलं नाही.

नाका आला तेव्हा ऊन चढलं होतं. नवा नाकेदार पूर्वी साहेबांच्याच हाताखाली शिपाई होता. त्यानं दमणी लांबून ओळखली आणि लाकूड आधीच वर करून ठेवलं. साहेबांनी लाकडाच्या अलीकडेच कासरे ओढले.

"खाली कर," ते म्हणाले.

"साहेब, तुमची गाडी..."

"लाकूड खाली कर."

त्यानं लाकूड खाली केलं आणि हात जोडून उभा राहिला. साहेब म्हणत होते, गाडी तपास. तो म्हणत होता, तुमच्या हाताखाली शिकलो, तुमची झडती माझ्या हातून व्हायची नाही. मागे सरकीच्या तीन-चार गाड्या येऊन थांबल्या. एक गाडीवान म्हणाला, "साहेब, आमालाबी कवा असं सोडायचं व्हतं." दुसरा आपल्या जोडीदाराला म्हणाला, "भाकरी सोड बे. ह्यांचं मिटूस्तवर खाऊन घिऊ."

लोक हसले. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी डावा कासरा ओढला आणि बैल वळायला लागले. वळले असते तर पुन्हा ती दमणी त्या रस्त्याला लागली नसती, हे मला समजत होतं. पण अशा वेळी काय बोलायचं ते कुठल्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं.

काकू चालत्या गाडीतून खाली उतरल्या. नाक्याच्या बाकापाशी गेल्या, गाठोडं ठेवलं आणि सगळ्यांसमोर स्वतः सोडलं. आत नवं हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं.

"माल हाय," त्या नव्या नाकेदाराला म्हणाल्या. "महसूल घ्या अन् ठप्पा मारा."

"काकू, एका लुगड्याला कोण ठप्पा मारतं?"

"एका लुगड्यालाच मारलता."

तो खाली पाहायला लागला. हे आपल्यानं होणार नाही, असं पुटपुटला. काकूंनी पदराचा कोपरा बाकावर पसरला आणि साहेबांकडे वळून म्हणाल्या, "मग तुमी या."

साहेब दमणीतून उतरले. "मी आता सरकारी माणूस न्हाई," ते म्हणाले.

"तर मग तिचा दाजी म्हणून उमटवा."

साहेबांनी कनवटीचे पैसे काढून नव्या नाकेदारापुढे ठेवले. ठप्पा शाईत बुडवला. त्या ठप्प्यानं त्यांनी आयुष्यात हजारो गठ्ठे उरकले असतील. त्या दिवशी मात्र तो पदरावर टेकवायला त्यांना दुसऱ्या हाताचा आधार घ्यावा लागला. मागच्या गाडीवानांनी भाकरी सोडली होती, पण खात कुणी नव्हतं.

बहिणीच्या अंगणात पोचलो तेव्हा ती ओसरीवर वाती वळत बसली होती. तिनं काकूंना ओळखलं आणि ती उठली नाही. काकू समोर बसल्या आणि लुगडं तिच्या मांडीवर पसरलं. "महसूल भरून आणलंय," एवढंच म्हणाल्या.

बहिणीनं पदराचा कोपरा उचलून पाहिला. त्यावर अंगठा घासला. ठप्प्याची तेलकट शाई अजून पुरती सुकली नव्हती, बहिणीचा अंगठा निळा झाला. "लई उशीर केलास, अक्का," ती म्हणाली, आणि मग दोघींचं जे रडणं सुरू झालं त्यात मी तिथे थांबणं बरं दिसेना.

बाहेर साहेब बैल सोडत होते. बैल केव्हाच सुटले होते, तरी ते जुवाशी काहीतरी करत होते. शेवटी बहीणच डोळे पुसत दारात आली. "दाजी, आत या," ती म्हणाली. "हितं लाकूड आडवं न्हाई." साहेबांनी डोक्यावरचं पागोटं नीट केलं आणि वाकून आत गेले.

मी नगरहून चष्मा करून परत आलो, तरी ती दोघं तिथंच होती. बहिणी-बहिणी चटणीतल्या मिठावरून भांडत होत्या आणि दाजींनी कुणाची तरी बाजू घ्यावी म्हणून त्यांना दोन्हीकडून धरलं होतं. नव्या चष्म्यातून मी काकूंकडे पाहिलं आणि त्यांचे केस इतके पांढरे आहेत हे मला पहिल्यांदा दिसलं.

त्यानंतर दमणीला पश्चिमेचाच रस्ता अधिक पाठ झाला. पण फार दिवस नाही. पुढच्याच्या पुढच्या थंडीत साहेब चार दिवसांच्या तापानं गेले. माझी बदली झाली होती, मला नंतर कळलं. काकूंनी पाटोद्याचं घर सोडलं आणि त्या बहिणीकडे राहायला गेल्या.

एकदा नगरला जाताना मी मुद्दाम त्या गावी उतरलो. काकू अंगणात शेंगा सोलत होत्या. बहीण जरा पलीकडे बसून शेंगा पाखडत होती. साहेबांच्या गोष्टी निघाल्या. माझ्या मनात एक प्रश्न फार दिवस होता, तो मी विचारला. नाक्याच्या उत्तरेला ओढ्यातून एक वाट होती. माझे वडील मेंढरं घेऊन त्या वाटेनं कितीदा इकडून तिकडे गेले होते. महसूल चुकवणाऱ्या सगळ्यांना ती ठाऊक होती. एवढी वर्षं काकूंना कुणी सांगितली नव्हती का?

"मला नसंल का ठाऊक?" काकू म्हणाल्या. "आमच्या घराच्या मागूनच जात व्हती. लोक रातच्याला जायचे ते मला ऐकू यायचं. एकदा तर हे हैदराबादेला गेलते, महिनाभर. कुणी इचारणारं नव्हतं." त्यांनी दोन शेंगा फोडल्या. "पर मास्तर, मी त्या वाटंनं गेले असते, तर आल्यावर ह्यांनी त्या लाकडापाशी कोणत्या तोंडानं उभं राहायचं?"

त्यांनी मूठभर दाणे माझ्यापुढे सारले. पलीकडे बहिणीच्या हातातलं सूप थांबलं होतं. सूप खाली ठेवून ती आली आणि काकूंच्या शेजारी, त्यांना अगदी लागून, शेंगा सोलायला बसली.