माईनं ओंजळीत पाणी घातलं नाही

चैत्राचे दिवस होते. सकाळी तोंड धुताना पाणी हाताला भाजल्यासारखं लागलं. पाणी गरम नव्हतं, माठातलं होतं. पाहिलं तर दोन्ही तळहात लाल, नव्या नवरीच्या मेंदीसारखे. सून स्वयंपाकघरात होती. तिला दिसू नये म्हणून मी हात पंच्यात गुंडाळले आणि खाटेवर येऊन बसलो. देवाला म्हटलं, एवढं सगळं सोसवलंस, आता आणखी काय राहिलं होतं? त्या दिवशी देव माझ्या मनातून उतरला होता, हे मी लपवत नाही.

एवढं सगळं म्हणजे काय, ते सांगतो. मी इथं, या हिंदी मुलखात, रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण हाताचं काम असं की मोठे साहेबसुद्धा मला नावानं हाक मारून बोलवायचे. कोणाचं काही घेतलं नाही, कोणापुढं हात पसरला नाही. देवापुढंसुद्धा नाही. देवळात मी हात जोडायचो, पण तीर्थासाठी ओंजळ कधी केली नाही. माय म्हणायची, "या पोट्ट्याची मान लोखंडाची हाय." ते ऐकून मला बरंच वाटायचं.

नोकरीतून सुटल्यावर रक्ताचा रोग निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम माझ्या नातीच्या वयाच्या वाटायच्या, पण बोलायच्या ठाम. म्हणाल्या, तुमच्या हाडातला मगज खराब झाला आहे, तो जाळून टाकावा लागेल आणि त्या जागी दुसऱ्याचा घालावा लागेल. सख्ख्या बहीण-भावाचा जुळला तर उत्तम. मला एकच बहीण, शांता, माझ्याहून धाकटी. नवरा लवकर गेला. पुरानी बस्तीत एका खोलीत राहून पापड आणि बिजौरीचे सांडगे करून विकायची. तिचं रक्त तपासलं तर माझ्याशी पूर्ण जुळलं. मॅडम खूश झाल्या. मी म्हटलं, होणार नाही.

शांतेला सांगायला मीच गेलो. ती पापड लाटत बसली होती.

"भाऊ देत असतो, घेत नसतो," मी म्हटलं. "भाऊबीजेला मी तुले गोल बाजारातून लुगडं आणतो. बहिणीकडून घेणारा भाऊ पाहिला का तू कुठं?"

तिचं लाटणं थांबलं नाही. "लहानपणी माह्या ताटातली पुरणपोळी ओढून खात होता, तवा कुठं गेलता हा तोरा? आन् लुगड्याचं म्हणशील तर दर साली तोच निळा रंग. तुले रंग बी दिसत नाही, मरण बी दिसत नाही."

"शांते, तोंड सांभाळ."

"नाही सांभाळत. सुई मले टोचणार हाय, तू काहून रडून राहिला?"

मी रडत नव्हतो. पण तिच्यापुढं माझं कधी चाललं नाही, तसं त्या दिवशीही चाललं नाही. तिला मशीनजवळ निजवून हातातून रक्त काढलं, त्यातून मगजाच्या पेशी तेवढ्या ठेवून बाकीचं तिलाच परत दिलं. माझ्या वाट्याला एक लहानशी पिशवी आली, टमाट्याच्या सारासारखी लालसर. ती नळीतून माझ्या अंगात उतरत होती तेव्हा शांता काचेच्या पलीकडे उभी होती आणि खुणेनं विचारत होती, चव कशी आहे?

सुट्टी देताना मॅडमनी हिंदीत नीट समजावलं होतं. बहिणीच्या पेशी तुमच्या अंगात घर चालवायला आल्या आहेत, पण हे घर त्यांच्या ओळखीचं नाही. कधीकधी त्या तुमच्याच कातड्याला, आतड्याला परकं समजतात आणि त्यावर तुटून पडतात. त्यांना आवरून धरण्यासाठी या गोळ्या आहेत, एकही चुकवायची नाही. तळहात लाल झाले, जुलाब लागले, तर त्याच दिवशी निघून यायचं. मी हसलो होतो. म्हटलं, "मॅडम, वो मेरी सगी बहन है. उसका खून मेरे को पराया कैसे समझेगा?" त्या हसल्या नाहीत.

म्हणून त्या सकाळी लाल हात पाहून मला सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. पण डोळ्यापुढं मरण आलं नाही, शांता आली. तिचा नवरा गेला तेव्हा पाऱ्यातल्या, म्हणजे तिच्या मोहल्ल्यातल्या, बायका काय बोलल्या ते मी या कानांनी ऐकलं होतं. नवऱ्याला खाल्लं म्हणाल्या. आता म्हणतील, भावालाही खाल्लं, तेही आपल्या रक्तानं. आणि शांता ते खरं मानेल. ती तोंडानं कितीही तिखट असली तरी आतून कशी होती, ते मला ठाऊक होतं.

आमच्याकडे त्या दिवसांत लेकरांना माता आल्या होत्या. अंगावर फोड उठले, ताप आला, की इथं त्याला रोग म्हणत नाहीत, शीतला माई अंगात आली म्हणतात. मग दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, औषध द्यायचं नाही, माईला पाणी वाहायचं आणि ती आपल्या पायानं जाईपर्यंत वाट पाहायची. मातेचं नाव पुढं केलं तर शांतेच्या रक्ताचं नाव कोणी घेणार नव्हतं. मी सुनेला हाक मारली. म्हटलं, "बहू, दरवाजे पे नीम बाँध. माता आई है."

ती घाबरली. "बाबूजी, डॉक्टर मॅडम को फोन कर दूँ?"

"माता में डॉक्टर नहीं करते. गोली भी बंद."

तिनं माझे हात पाहिले आणि त्यांनाच नमस्कार केला. इथलीच मुलगी, लहानपणापासून हेच पाहिलेली. पोरगा नोकरीपायी दूर गावी होता, त्याला कळवू दिलं नाही. शांतेला निरोप धाडला, की घरात माता आहे, कोणी यायचं नाही. तीही रीत मानणारी, आली नाही. अशी मी सगळी दारं बंद केली आणि त्याला देवीचं नाव दिलं. लाली छातीवर चढली, कानामागं गेली. घशाखाली पाण्याचा घोट उतरेना. जुलाब असे लागले की भिंत धरून जावं लागे. आणि नवल हे, की बोलून बोलून मलाच ते खरं वाटू लागलं. मी खरोखर माईला विनवायला लागलो, की जा आता. तिचा राग घालवायचा तर तिच्या देवळात जाऊन पाणी वाहायला हवं, आणि तिच्या हातचं तीर्थ घ्यायला हवं. आयुष्यभर न केलेली ओंजळ आता करावीच लागणार होती.

शीतला माईचं देऊळ पुरानी बस्तीत, शांतेच्या गल्लीच्या मागंच. शांता जेवून पडते त्या वेळी, भर दुपारी, मी ऑटो करून गेलो. देवळात कोणी नव्हतं. पाणी देणारी एक म्हातारी पायरीवर बसली होती, जाड भिंगाचा चष्मा, दोरीनं बांधलेला. मी माईवर पाणी वाहिलं आणि म्हातारीपुढं बसून ओंजळ पुढं केली. तिनं लोटा उचलला. माझ्या हातांकडे पाहिलं की नाही, सांगता येत नाही. लोटा तसाच अधांतरी राहिला, आणि मग तिनं तो खाली ठेवला.

"नइ देवँव," ती म्हणाली. देत नाही.

"काहून?" माझ्या तोंडून मराठीच निघाली.

"मोर हाथ नइ उठत हे, बाबू." माझा हातच उठत नाही.

माझं डोकं तडकलं. जन्मात पहिल्यांदा हात पसरला आणि देवीच्या दारातच तो रिकामा राहिला. मी तिला वाईटसाईट बोललो. माईकडे बघून म्हटलं, तूसुद्धा? उठायला गेलो तर पाय नव्हते. पायरीवरच कोसळलो. म्हातारी माझ्या बोलण्यानं जरासुद्धा हलली नव्हती. तिनं पदरानं माझ्या तोंडावर वारा घातला आणि विचारलं, "इहाँ तोर कोनो हे का?" इथं तुझं कोणी आहे का?

नाही म्हणायला तोंड उघडलं. ज्या नावासाठी एवढा खटाटोप केला होता ते नाव सोडून मला जगात दुसरं काही आठवेना. "शांता," मी म्हटलं. "पापडवाली शांता. माझी बहीण."

म्हातारीनं गल्लीकडे हाक घातली तशी शांता धावत आली, केस मोकळे, हाताला उडदाचं पीठ. तिनं माझे हात उलटे करून पाहिले. मॅडमचं बोलणं तिनंही ऐकलेलं होतं. ती एका नजरेत समजली.

"गोळ्या?"

"बंद केल्या."

"काहून?"

मी म्हटलं, "तुह्यं रक्त माह्याशी भांडून राहिलं, शांते. बायका तुले बोलतील."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मग तिनं नाक पुसलं, पीठ नाकाला लागलं. "भांडंन नाही तं काय करंन? जलमभर तुह्याशी भांडतच आली मी. भांडणारं कोणी परकं असते का, मूर्खा?" आणि मला काखेत धरून तिनं उठवलं. तिच्या अंगात एवढा जोर कुठून आला, माई जाणे.

पुढचे महिने दवाखान्यात फार वाईट गेले. ते गोड करून सांगण्यासारखे नाहीत. कातडी सापाच्या कातीसारखी निघाली. अन्न नळीनं द्यायचे. भांडण थांबवायच्या औषधानं साखर वाढली, हाडं झिजली, चेहरा फुगून असा झाला की पोरगा दारात थबकला. मॅडम मला एक शब्दही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की आणखी उशीर झाला असता तर त्यांच्या हातात काही उरलं नसतं. जेव्हा जेव्हा डोळे उघडायचो तेव्हा शांता तोंडाला पट्टी बांधून बसलेली असायची. पट्टीमागून तिची कुरकुर चालूच असायची.

मी वाचलो. माझा रक्तगट बदलून तिचा झाला. पण ते भांडण पुरतं मिटलं नाही, जाताना माझे डोळे घेऊन गेलं. दिसतं, पण डोळ्यांत पाणी येत नाही. पाणी करणाऱ्या गाठीच सुकल्या. दिवसभर औषधाचे थेंब घालावे लागतात.

दोन वर्षांमागं शांता गेली. झोपेतच गेली, कोणाला हाकसुद्धा मारली नाही. पुरानी बस्तीतल्या त्याच बायका जमल्या होत्या. मी तिच्या उशाशी बसलो होतो आणि डोळे कोरडे ठणठणीत. कोणीतरी कुजबुजलं, "पत्थर है बुड्ढा." बोलणारीची काय चूक? ज्या रक्तानं मला जगवलं त्यानंच माझं पाणी आटवलं होतं, आणि आता तिच्यासाठीच ते पाहिजे होतं. सुनेनं गर्दीतून वाट काढली, माझी मान मागं टेकवली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. ते गालावरून ओघळले. मी पुसले नाहीत.

तेराव्यानंतर देवळात गेलो. ती म्हातारी तिथंच होती, तोच दोरीचा चष्मा. मी विचारलं, त्या दिवशी मला पाणी काहून दिलं नाही? तिला मी आठवतही नव्हतो. चष्मा सारखा करून म्हणाली, "मैं का जानँव? हाथ नइ उठिस होही." मला काय ठाऊक, उठला नसेल हात. तिनं पाणी दिलं असतं तर मी समाधानानं घरी जाऊन मेलो असतो, हे मी तिला सांगितलं नाही. माईची करणी म्हणा, नाहीतर म्हाताऱ्या हाताचा थकवा म्हणा. मी वाद घालायचं सोडलं आहे. मागितलेलं मिळालं नाही म्हणून मी आहे, एवढं मला कळतं.

मी ओंजळ पुढं केली. या वेळी तिनं पाणी घातलं. असलं पाणी प्यायची मला डॉक्टरांची मनाई आहे. मी हात तसेच धरून ठेवले आणि पाणी बोटांतून पायरीवर गळू दिलं. काही मागितलं नाही.

डॉक्टर सांगतात, माझ्या हाडांत अजून रोज नवं रक्त तयार होतं ते शांतेचंच. थंडी पडली की तोंड येतं, कातडी ताणते, हात पुन्हा थोडे लाल होतात. आता मी ते लपवत नाही. सुनेला हाक मारतो, ती दवाखान्यात फोन लावते. फोन लागेपर्यंत मी हातांकडे बघत बसतो आणि म्हणतो, भांड शांते, भांड.