हनीफ मास्तरांचं खरं वाक्य

हनीफ मास्तरांच्या इंग्रजी वर्गाचा नियम एकच होता : वाक्य खरं हवं. १९३४ साली जुन्या नाशकातल्या त्यांच्या खोलीवर दोनच विद्यार्थी येत. सावळीराम माळी देवळालीच्या बंगल्यांवर फुलं पोचवायचा, कोंडाजी स्टेशनावर टांगा चालवायचा. गोऱ्या गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलता यावेत, एवढीच दोघांची हौस.

त्या संध्याकाळी मास्तरांनी फळ्यावर ‘लुक फॉरवर्ड टू’ लिहिलं.

कोंडाजी लगेच म्हणाला, “आय लुक फॉरवर्ड टू द ट्रेन! रोज बघतोय की वाट.”

“जांभया देत बघतोस ना? मग ते ‘वेट फॉर’ झालं. हे निराळं. ती गोष्ट यायच्या आधीच मन आनंदानं पुढं जाऊन तिच्यापाशी बसतं.”

“मंग माझं मन घोड्यापरीस लय पुढं हाय!”

सावळीराम जपून बोलला, “आय लुक फॉरवर्ड टू सी माय डॉटर.” त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला उद्या-परवा येणार होती.

“‘टू सी’ नव्हे, ‘टू सीइंग’. बाकी सोळा आणे.”

“आन् मास्तर, तुमचं?” कोंडाजीनं विचारलं.

मास्तरांचं वाक्य वर्षानुवर्षं ठरलेलं होतं : आय लुक फॉरवर्ड टू ईद. ते खरंही होतं. ईदेला ते मनमाडला गाडी बदलून येवल्याला जात. घरातला माग त्या दिवशी बंद असे. हनीफनं माग सोडून शिकायचं धरलं म्हणून थोरला भाऊ बोलत नसे. त्याच्या वाटचंही आईच बोलायची, आणि शीरखुर्म्याची एक वाटी झाकून ठेवायची. यंदा आई गेली. ईद येणार होती, पण मन काही पुढं जाईना.

“माझं उद्या,” मास्तर म्हणाले.

“आमाला कधी उद्या चालतं व्हय?” सावळीराम हसला. “तुमचं बरंय. तुमाला उभं कोन करणार?”

दुसऱ्या दिवशी मास्तर वाक्य शोधत राहिले. चहा? ती नुसती सवय. भावाचं पत्र? त्याची तर धड वाटही पाहवत नव्हती. संध्याकाळ झाली तसं त्यांनी खोली झाडली, चटई झटकली, कंदिलाची काच पुसली. कोंडाजी भुकेला येतो म्हणून फुटाण्यांची पुडी आणून ठेवली.

कुणी आलं नाही.

बऱ्याच वेळानं घुंगरं वाजली. मास्तर टोपी सारखी करत दाराशी गेले. टांगा कोपऱ्यावरून पंचवटीकडं निघून गेला. कोंडाजीचाच होता. आत सावळीराम होता, आणि शेजारी पदर सावरून बसलेली त्याची लेक. मास्तरांनी हात वर केला; पण बापलेक बोलण्यात गढून गेले होते.

आत येऊन त्यांनी खडू उचलला. कोऱ्या फळ्यावर ‘आय लुक फॉरवर्ड टू’ लिहिलं, त्यापुढं आधी ‘सावळीराम’, मग ‘अँड कोंडाजी’. दोनदा वाचलं. कुठं खोट सापडेना.

रोज वर्ग संपला की ते फळा पुसून ठेवत. आज फडकं तसंच खुंटीला राहू दिलं, आणि फुटाणे सादळू नयेत म्हणून पुडीचं तोंड घट्ट पिळून बंद केलं.