विंगेतला शेठ

दत्तारामची गिरण सकाळी बंद दिसली आणि मी मनातल्या मनात हसलो. हातात दळणाची पिशवी होती, समोर गिरणीच्या दाराला कुलूप. म्हटलं, गेला वाटतं शेठ गिऱ्हाईक व्हायला! घरी परत येऊन बायकोला सांगितलं, आज काही पीठ मिळत नाही, भातावर भागव. ती दोन शब्द बोलली, ते मी ऐकून घेतले. चहाचा कप तोंडाला लावतो तोच सुलभावहिनींचा, म्हणजे दत्तारामच्या बायकोचा, फोन आला. ''भावोजी, या लवकर. हे उठत नायत...'' मी चप्पल न घालताच पळालो. वाटेत चिऱ्यांचे तुकडे टोचत होते आणि एकीकडे डोक्यात हेच, की हा नाटकी माणूस आहे, आपण पोचेपर्यंत उठून बसेल आणि आपल्यालाच हसेल. तो उठला नाही. झोपेतच गेला होता.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात त्याला सगळे शेठ म्हणत. पैशाने नव्हे हो, गिरणीवर किती मिळणार? दरवर्षी हनुमान जयंतीला देवळासमोर आमचं तीन अंकी नाटक होतं, त्यात कुठलंही नाटक असो, शेठ, सावकार, मुंबईचा व्यापारी जो कोण असेल तो दत्तारामच करायचा. एरवी भुवयांपर्यंत पीठ माखलेला हा माणूस, तोंडाला रंग लागला की खुर्चीवर असा रेलून बसायचा की ती खुर्ची शाळेतून मागून आणली आहे हे आम्हीच विसरायचो. मी, प्रभाकर, त्याचा प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत वही घेऊन बसायचं आणि त्याची वाक्यं अडली की पुरवायची. आम्ही दोघे एका बाकावर शिकलो, तेव्हाही हेच काम माझ्याकडे होतं.

मग एका वर्षी त्याने नाटकात उभं राहणं सोडलं. कारण सांगितलं नाही. गावाने आपापली कारणं शोधली. शेफारला, मोठ्या मंडळाकडून बोलावणं आलं असेल, आता गावचं नाटक त्याला हलकं वाटतं... मंडळाचा सेक्रेटरी संतोष तर गिरणीवर येऊन चार बायकांसमोर म्हणाला, ''देवापुढं उभं ऱ्हायला लाज वाटते काय तुमाला?'' दत्ताराम दळत राहिला. तेराव्याला जेवणं झाल्यावर हाच संतोष हळहळत म्हणाला, ''मानूस लाखातला, पन शेवटी गावाला पाठ दाखवलीन.'' वहिनी दारात होत्या. त्यांनी ते ऐकलं. सगळे पांगल्यावर माझ्यासमोर येऊन बसल्या. ''भावोजी, आता तरी सांगा लोकांना. आता यांना कुठं जायचंय गिऱ्हाईक होऊन?''

म्हणून हे लिहितो आहे. ज्यांनी हे गिऱ्हाईक व्हायचं काम त्याला दिलं ते वन खात्यातले साहेब केव्हाच बदलून गेले. फोन करून त्यांना विचारलं. ते म्हणाले, लिहा.

हे साहेब आमच्या भागात नवीन आले होते आणि आमचं नाटक बघायला बसले होते. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत गिरणीवर हजर. त्यांना खबर होती की कुणी तरी जिवंत खवल्या मांजर पकडून ठेवलं आहे आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाची वाट बघतो आहे. खवल्या मांजर म्हणजे आमच्या रानातलं मुंग्या-वाळवी खाणारं, अंगभर खवल्यांचं गरीब जनावर. घरात ठेवलं की भरभराट होते, खवल्यांचं औषध होतं, असल्या थापांवर त्याचा व्यापार चालतो आणि ते बिचारं उपाशी मरतं. साहेब म्हणाले, ''आमच्या माणसांचे चेहरे त्यांना पाठ आहेत. मला गिऱ्हाईक पाहिजे. काल तुम्ही स्टेजवर बसलात ना, तसं बसायचं.'' दत्तारामने पट्टा थांबवला, पीठ झटकलं आणि पहिला प्रश्न विचारला, ''मिशी लावू?'' साहेब म्हणाले, मिशी नको. दुसरा प्रश्न, ''माझा प्रॉम्प्टर बरोबर येईल. चालेल?'' झालं! मी त्याचा मुनीम झालो. मला कुणी विचारलंच नव्हतं.

वैशाखातलं ऊन, जांभ्या दगडाची बंद पडलेली चिरेखाण, आणि आम्ही दोघे साहेबांनी आणून दिलेल्या गाडीतून उतरतो आहोत. दत्तारामच्या अंगावर कडक इस्त्रीचा सफारी, बोटात नाटकातली पितळी अंगठी. साहेबांची माणसं खाणीच्या वरच्या अंगाला काजूच्या झाडांत लपलेली. जनावर डोळ्यांनी दिसलं की शेठने खिशातला रुमाल काढून झटकायचा, एवढीच खूण. घाई केली तर साहेबांच्या हाती काहीच लागणार नाही आणि जनावर जिथे लपवलंय तिथेच मरणार. समोर दोघे जण. बोलणं झकास चाललं होतं. आणि त्यातल्या एकाने मध्येच विचारलं, ''शेठ, याआधी कुणाकडनं घेतलेलात माल?''

हे आमच्या तालमीत नव्हतं. दत्ताराम थांबला. मी त्याला आयुष्यभर ओळखतो, तो कोरा पडलेला मला दिसला. त्याने सवयीने डावीकडे बघितलं. डावीकडे मी होतो. आणि मीही सवयीने तोंडाला हाताचा आडोसा करून कुजबुजलो, ''सांग, नावं सांगायची आमच्यात पद्धत नाय!''

खाणीत बोललेलं घुमतं. सगळ्यांनी ऐकलं. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एवढ्यात दत्ताराम माझ्यावर असा फिरला की मी खरोखर घाबरलो. ''गिऱ्हाईक मी हाय की तू? मला शिकवतोस? जा, गाडीत जाऊन बस!'' आणि मग त्या दोघांकडे वळून, कपाळ पुसत, अगदी थकलेल्या सुरात, ''मुंबईत ठेवतो म्हटलं तर जाईना, मेव्हणा पडला, बायकोचा भाऊ. तुमच्याकडं असलं कोण नाय ना?'' ते दोघे हसले. खो खो हसले. मेव्हणा सगळ्यांच्याच घरात असतो. एक जण उठला, कातळाच्या आडून गोणी घेऊन आला.

मी गाडीत मान खाली घालून बसलो होतो, नजर फक्त रुमालाकडे. गोणी सोडली. आत ते जनावर अंगाचं वेटोळं करून पडलेलं, लहानशा फणसाएवढं. रुमाल निघेना. दत्ताराम त्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत लाल धुळीत गुडघ्यांवर बसला आणि त्याने खवल्यांवर हात ठेवला. बसूनच राहिला. मी मनात ओरडत होतो, मेल्या, रुमाल! नंतर विचारलं तर म्हणाला, ''परभ्या, आत धाप लागलेली त्याला. हाताला कळत होती. मी कोण आन् कशाला आलोय, तेच विसरलो.'' शेवटी रुमाल झटकला गेला. वरून माणसं धावत आली. ठरल्याप्रमाणे आम्हालाही पकडलं, मुनिमाला जरा जास्तच जोरात. शेठ जीपमध्येही ''मी कोण हाय ठाऊक हाय काय तुमाला!'' करत होता.

जनावराची तपासणी झाल्यावर साहेब त्याला सोडायला रानात गेले, तेव्हा आम्हा दोघांना घेऊन गेले. बराच वेळ ते वेटोळं सोडेना. मग हळूच नाक बाहेर आलं. पुढचे पाय छातीशी धरून, पाठीत वाकून ते चालू लागलं, वर्गणी मागायला आलेल्या माणसासारखं. झाडीत शिरलं आणि दिसेनासं झालं. दत्तारामच्या डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ जागेवर होती. ''इतक्या वर्षांत एवढा चांगला प्रयोग झाला नव्हता. प्रेक्षक एकच, आन् तोपन पाठ फिरवून गेला.''

त्यानंतर साहेब पुन्हा आले ते अवघडूनच. म्हणाले, तुमच्यासारखा माणूस आम्हाला लागेल, पण एक अडचण आहे. नाटकाचा बोर्ड लागतो, त्यावर फोटो असतो. लोक मोबाईलवर नाटक काढतात आणि गावोगाव पाठवतात. एखाद्याने चेहरा ओळखला तर काम जाईल, जिवावरही बेतेल. दोन्ही होणार नाही... दत्तारामने विचार करायला वेळ मागितला. त्या रात्री तो जेवला नाही, असं वहिनी सांगतात. वर्षभर पीठ खाऊन एक दिवस राजा होणारा माणूस तो! पात्रं वाटायच्या बैठकीत तो उठून एवढंच म्हणाला, ''यंदा मी नाय. प्रॉम्प्टिंग करतो.'' शेठ माझ्या गळ्यात पडला. मी वाईट नट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो.

तो कामाला किती ठिकाणी गेला ते मला माहीत नाही. एकदा मांडूळ सापासाठी, एकदा बिबट्याच्या नखांसाठी, एकदा मिरकरवाडा बंदराच्या बाजूला मासळीचा व्यापारी बनून. मला फक्त बंद गिरण दिसायची आणि मी समजायचो. आणि दरवर्षी हनुमान जयंतीला तो डाव्या विंगेत, गिरणीतला पिठाचा जुना पत्र्याचा डबा पालथा घालून त्यावर बसायचा. वही मांडीवर मिटलेली. सगळं पाठ. मी स्टेजवर बोलत असायचो आणि तो तिथे अंधारात, बसल्या जागी, अख्खा शेठ करत असायचा. भुवई उचलायचा, रेलायचा, अंगठी फिरवायचा. कुणासाठीही नाही. मी कानाने वाक्य घ्यायचो आणि डोळ्यांनी अभिनय. लोक म्हणाले, प्रभाकर सुधारला. लोकांनो, तुम्ही इतकी वर्षं दत्तारामलाच बघत होता. अंग तेवढं माझं होतं.

त्याच्याबद्दल मला वाईट वाटतं म्हणावं, तर मनात येते ती कृतज्ञताच. माझ्यासारख्या कुजबुजणाऱ्या माणसाला त्याने उजेडात उभं केलं आणि आपण अंधारात बसून हसत राहिला. आमच्या रानात आज जे काही नाक खाली घालून वाळवी शोधत फिरत असेल, त्यातल्या एकाचे तरी आभार मी खात्रीने पोचवू शकतो.

मागच्या आठवड्यात देवळासमोरच्या स्टेजवर तालमी सुरू झाल्या. सगळे जमल्यावर मी हे सगळं सांगितलं, जसं इथे सांगितलं तसंच. मेव्हण्याच्या वाक्याला हशा आला. नंतर कुणी हसलं नाही. संतोष मान खाली घालून ऐकत होता. मग तो उठला, डाव्या विंगेत गेला आणि तो डबा उचलून स्टेजच्या मधोमध आणून ठेवला. शाळेची खुर्ची त्याने बाजूला केली. ''शेठ यंदा हिच्यावर नाय, ह्याच्यावर बसंल,'' म्हणाला आणि पलीकडे तोंड करून उभा राहिला.

मी बसलो. डब्याच्या पत्र्याला मधोमध खोलगट पोचा आहे, दत्तारामच्या वजनाने इतक्या वर्षांत पडलेला. मी अंगाने किरकोळ. तालीम होईपर्यंत सारखा हलून हलून बघत होतो, पण त्या पोच्यात मला अजून नीट बसता येत नाही.