व्याह्यांचा तांब्या

सृष्टीला हात लावण्यापूर्वी ब्रह्मदेवाने तिची एक नक्कल बाजूला काढून ठेवली असती, तरच आमच्या व्याह्यांनी त्याला जाणता म्हटले असते. कापसाच्या कारखान्यात संगणकावरची माहिती सांभाळण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. त्यामुळे किल्लीची, चष्म्याची, इतकेच नव्हे तर लेकीच्या लग्नात हाराचीही दुसरी प्रत त्यांच्या पिशवीत होती, आणि ऐन मंगलाष्टकांत पहिला हार तुटला तेव्हा ती उपयोगीही पडली. तापीकाठच्या गावाहून शहाद्याला आमच्याकडे येत, ते स्वतःच्या पाण्याचा पितळी तांब्या घेऊनच. लेक दिली त्या घरचे पाणी प्यायचे नाही, हा त्यांचा नेम.

माझी सहधर्मचारिणी हयात असताना मी स्तोत्रांचे अर्थ सांगत असे आणि ती ते संगणकात टंकीत असे. तिच्या हातचे माझ्यापाशी तेवढेच उरले होते. एका पाडव्याला मुहूर्त टळू नये म्हणून मुलाने घाईघाईने डेटाबेसची नवी आवृत्ती चढविली, आणि तो संग्रह उघडेनासा झाला. पडद्यावर एकच तक्रार : सिस्टिमचे तक्ते जुन्या आवृत्तीचे आहेत.

आखाजीच्या सणासाठी लेकीला माहेरी न्यायला व्याही आले. सूनबाई पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी. हे मात्र संगणकापुढे ठाण मांडून बसले.

"मुहूर्त साधा, पन काम अर्धं सोडं ना, जवाईबापू!"

"मामा, सगळं गेलं का हो?" मुलाने भीत भीत विचारले.

"जाई कोठे? माल शाबूत शे. कारभारी नवा उना, त्याना तक्ता जुनाच ऱ्हायनात."

"आप्पा, बस निघी जाई!" सूनबाई कळवळली.

"जाऊ दे. दुसरी येई."

बसचीही दुसरी प्रत असतेच, हा त्यांचा विश्वास! त्यांनी आधी संपूर्ण नक्कल काढली, मग तक्ते नव्या आवृत्तीशी जुळविण्याची आज्ञा दिली आणि डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला. मी हात जोडून बसलो होतो. संग्रह उघडला. अखेरच्या स्तोत्राशेजारी तिने टंकले होते : "ह्यांचा घसा बसला आहे. उरलेले उद्या."

व्याह्यांचा तांब्या केव्हाच रिता झाला होता. त्यांनी चष्मा पुसला, तो पुन्हा न लावताच लेकीला हाक मारली, "माय, पानी दे."

आता त्यांना प्रवास सोसत नाही. त्या दिवशी विसरलेला तांब्या मी रोज सकाळी भरून संगणकाजवळ ठेवतो, आणि उरलेले थोडे थोडे स्वतःच टंकतो.