कॅप्टनची सुट्टी

जहाजावर कधी पाऊलही न ठेवता कॅप्टन झालेली बाई त्या रस्त्यावर एकच होती. चष्म्याचं दुकान आणि केस कापायचं सलून यांच्या मधोमध असलेल्या ट्रॅव्हल ऑफिसात, खिडकीजवळच्या टेबलावर ती वीसेक वर्षं बसत होती. युरोपच्या क्रूझ हे तिचं खातं. 'कॅप्टन' हे नाव नवऱ्याने चेष्टेत ठेवलेलं, पण तिने ते इतकं मनावर घेतलं की पुढे गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर "कॅप्टन आहेत का?" असंच विचारायला लागली.

जहाजांचे नकाशे तिला तोंडपाठ होते. कुठल्या केबिनच्या डोक्यावर नाचायचा हॉल आहे आणि पहाटेपर्यंत टाचांचा ठकठकाट ऐकावा लागतो, कुठली केबिन स्वयंपाकघराला चिकटून आहे, कुठल्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली आहे आणि समुद्राऐवजी तिचं नारिंगी पोट बघत बसावं लागतं, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. नकाशात त्या लाइफबोटींची खूण अगदी बारीक असते. ती बघायला कुणी चष्मा शोधत नाही, कॅप्टन मात्र शोधायची. तिच्या हातून एकही गिऱ्हाईक होडीमागच्या खोलीत गेलं नव्हतं आणि याचा अभिमान लपवायची तिला कधी गरज वाटली नाही.

मग स्वतः का गेली नाही? कारण जहाजांचा हंगाम तोच तिच्या कामाचा हंगाम. बाकीचं जग उन्हाळी टोप्या घालून निघायचं तेव्हा ही टेबलाला खिळलेली. कंपन्या फुकट बोलवायच्या, तेव्हा ती ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवून द्यायची आणि तो परत आला की त्याची उलटतपासणी घ्यायची. "मागची लिफ्ट अजून रेंगाळते का रे?" तो बिचारा सूर्यास्ताचे फोटो दाखवायला आलेला असायचा.

तिच्या कामाची एक रीत होती. घरातली चार माणसं येतात. तिघं हमरीतुमरीवर येतात, चौथा कोपऱ्यात बसून म्हणतो, "मला काहीही चालेल." कॅप्टन भांडणाऱ्या तिघांना सोडून द्यायची आणि खुर्ची चौथ्याकडे वळवायची. "काहीही म्हणजे काय? नीट सांगा." तिचं म्हणणं असं, की भांडणारा भांडून मोकळा होतो. सहल नासते ती या काहीही-चालेलवाल्यामुळे. तो तिसऱ्या दिवशी तोंड फुगवून बसतो आणि कारण कुणालाच कळत नाही, त्यालासुद्धा. एकदा अशाच एका आजोबांना तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा ते घरच्यांकडे न बघता हळूच म्हणाले, "अख्खी दुपार झोपायचंय. कुणी उठवायचं नाही." कॅप्टनने त्या मंडळींना दोन दिवस कुठेच न थांबणारं जहाज शोधून दिलं. आजोबा परत आले ते चांगले गुटगुटीत होऊन.

अशी ही कॅप्टन. तिची एकुलती एक लेक त्या वर्षी जनावरांची डॉक्टर झाली.

पदवीच्या समारंभात कॅप्टनने टाळ्या इतक्या वाजवल्या की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघितलं. रात्री जेवताना तिने जाहीर करून टाकलं, "आपण क्रूझला जायचं, युरोपात. सगळे. यंदाचा हंगाम गेला खड्ड्यात."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. हंगाम खड्ड्यात गेला असं कॅप्टन म्हणते, म्हणजे काहीतरी मोठंच घडत होतं. घडत होतंच. उन्हाळा संपला की लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार होती. तिथे तिची स्वतःची खोली, स्वतःच्या किल्ल्या. पुढे ती घरी यायची ती चार दिवसांची पाहुणी म्हणून. चौघांनी मिळून जायची ही एकच सहल हातात होती आणि तिच्यात चूक होऊन चालणार नव्हतं. दुनियेला सहली जुळवून देणाऱ्या बाईची स्वतःच्या लेकीची सहल फसली असती, तर कॅप्टनला ते आयुष्यभर लागलं असतं.

पण घरची गिऱ्हाइकं सगळ्यात बेकार. नवरा ड्रायव्हिंग शिकवायचा. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून त्याच्या उजव्या पायाला अशी सवय लागली होती, की जिथे ब्रेक नाही तिथेही तो दाबायचा. बसमध्ये दाबायचा, लिफ्टमध्ये दाबायचा, सिनेमात गाडी वेगात आली की पुढच्या खुर्चीला लाथ बसायची. "समुद्रात मी ब्रेक कुठे दाबू?" हा त्याचा एकच प्रश्न. दुसऱ्या वन्सं, म्हणजे घरातच राहणारी नवऱ्याची मोठी बहीण. जन्मभर शाळेत पोरांना कवायत शिकवली आणि आता स्वतःचे गुडघे जिन्याला बघूनच कुरकुरत होते. त्यांना थंडी नको, चढण नको, आणि वर "म्हाताऱ्यांच्या जहाजावर तर मला मुळीच घालू नकोस" हा हुकूम.

कॅप्टन रंगात आली. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले. नॉर्वेचं शांत पाणी नवऱ्याला बरं, पण तिथली थंडी वन्संना सोसणार नाही. भूमध्य समुद्र उबदार, पण तिथे बंदर एकीकडे आणि शहर एकीकडे, उन्हातान्हात बसचे हेलपाटे. शेवटी तिने डॅन्यूब नदीवरचं छोटं जहाज काढलं. दोन्ही काठ सतत डोळ्यांसमोर, त्यामुळे नवऱ्याचा पाय शांत. गावाच्या दारातच जहाज लागतं, त्यामुळे गुडघेही शांत.

"आणि मी त्या पत्ते खेळणाऱ्या पेन्शनरांत बसू?" वन्सं म्हणाल्या.

"तुम्हीही पेन्शनरच आहात, ताई," नवरा म्हणाला आणि पुढचा अर्धा तास दोघं बालपणापासूनचे हिशेब काढत बसली.

लेक ताटल्या पुसत उभी होती. कॅप्टनने मान वर करून विचारलं, "काय गं, नदी चालेल ना?"

"मला काहीही चालेल, आई."

"बघा, जरा शिका पोरीकडून!" असं म्हणून कॅप्टनने पान उलटलं. दुसऱ्या दिवशी तिने नदीवरच्या दोन खोल्या तात्पुरत्या धरून ठेवल्या. खोल्या अर्थातच उत्तम होत्या.

दोन दिवसांनी संध्याकाळी वन्सं स्वयंपाकघरात गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसल्या होत्या. कॅप्टन चहा गाळत होती.

"एक विचारू?" वन्सं म्हणाल्या. "काहीही चालेल म्हणणाऱ्याला तू सोडत नाहीस ना? सगळ्या दुनियेला सांगत असतेस."

"मग? बरोबरच आहे ते."

"मग घरातलीला कशी सोडलीस?"

कॅप्टनच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा ओट्यावर सांडला. तिला राग आला, आधी वन्संचा, मग स्वतःचा. लेक असं पहिल्यांदाच म्हणाली नव्हती. लहानपणापासून प्रत्येक सुट्टीत ती हेच म्हणत आली होती आणि कॅप्टनला ते पोरीचं चांगलं वळण वाटत आलं होतं.

ती तडक लेकीच्या खोलीत गेली. लेक पुस्तकं खोक्यांत भरत होती.

"उद्या दुपारी ऑफिसात ये."

"कशाला?"

"गिऱ्हाईक म्हणून."

दुसऱ्या दिवशी लेक आली आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली. बिथरलेल्या घोड्याला इंजेक्शन देणारी ही पोर, पण आईच्या टेबलासमोर हात मांडीवर ठेवून बसली. कॅप्टनने चष्मा लावला आणि तिचा नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. "सहलीहून परत आल्यावर मैत्रिणींना पहिली गोष्ट काय सांगाल?"

"आई, काय हे!"

"इथे आई नाही. बोला."

लेकीने भिंतीवरच्या जहाजाच्या चित्राकडे बघितलं. मग म्हणाली, "सांगेन, की या वेळी आईसुद्धा आली होती."

"म्हणजे? मी प्रत्येक वेळी येते!"

"तू येत नाहीस. तू आम्हाला नेतेस." लेकीचा आवाज चढला नव्हता, पण आता ती थांबणार नव्हती. "जुने फोटो काढून बघ. प्रत्येक फोटोत तू आहेस, पाठमोरी, बॅगा मोजताना. नाहीतर काउंटरवर भांडताना. डोंगरावर गेलो होतो तेव्हा बाबा, आत्या आणि मी बर्फात लोळत होतो आणि तू परतीच्या गाडीची चौकशी करत होतीस. एकही सहल फसली नाही, मान्य आहे. पण तू माझ्याशेजारी बसून काही बघितलंयस, असं मला एकदाही आठवत नाही. आता मी जाणार. मला एकदा तुझ्याबरोबर नुसतं बसायचंय."

कॅप्टनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिला फार लागलं. वीस वर्षं लोकांच्या मनातलं काढून घेणाऱ्या तिला स्वतःच्या घरातलं ऐकायला एवढा वेळ लागला होता. ती उगाच दटावणीच्या सुरात म्हणाली, "मग काय करायचं म्हणता?"

"यावेळी मी ठरवते. जहाज, खोल्या, सगळं. तू मध्ये बोलायचं नाही."

"अगं पण..."

"हे बघ. बोललीस."

कॅप्टन उठली. मायलेकींनी जागा बदलल्या. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली आणि तिला कळलं की खुर्ची एका बाजूला कलते. इतकी वर्षं लोक गुपचूप कलून बसले होते. दुरुस्त करायला हवी असं ती म्हणणार होती, पण गप्प बसली.

लेकीने आत्याला नको असलेली नदी रद्द केली. कॉम्प्युटरवर भूमध्य समुद्रातलं जहाज उघडलं. "बाबांसाठी मधोमध हवं, तिथे हलत नाही," ती पुटपुटली. "आत्यासाठी लिफ्ट जवळ. बसचे हेलपाटे कशाला, जहाजावरच बसू. बाबा आणि आत्या एका खोलीत, दोघंही घोरतात. तू आणि मी शेजारच्या खोलीत."

कॅप्टन ऐकत होती आणि तिचा ऊर भरून येत होता. हे कुणी शिकवलं हिला? टेबलावर पसरलेल्या नकाशांच्या बाजूला ताटल्या पुसत ही पोर सगळं टिपत आली होती.

मग लेकीने खोल्या निवडल्या. कॅप्टनने चष्म्यातून पडद्याकडे बघितलं. वन्संची खोली झकास होती. शेजारच्या खोलीच्या बाहेर मात्र ती बारीक खूण होती. होडी. खिडकीच्या थेट समोर.

शब्द अगदी ओठांवर आले. तिने उठून पाण्याचा ग्लास भरला, सगळा प्यायली, परत भरला. होडीने कुणाचा जीव जात नाही, तिने स्वतःला बजावलं. वन्संचे गुडघे नीट, नवऱ्याचा पाय नीट. राहता राहिली खिडकी, आणि ती दोघींची होती.

"ठीक आहे ना?" बटणावर बोट ठेवून लेकीने विचारलं.

"तू ठरव," कॅप्टन म्हणाली. एवढे दोन शब्द बोलायला तिला जे कष्ट पडले, ते अख्ख्या हंगामात पडले नसतील.

उन्हाळ्याच्या मध्यावर ती चौघं जहाजावर चढली. वन्संनी लिफ्टपासून खोलीच्या दारापर्यंतची पावलं मोजून "शाबास" म्हटलं, शाळेत म्हणायच्या तसं. नवरा कॉरिडॉरमध्ये पाय फाकवून उभा राहिला, उजवा पाय गालिच्यावर घट्ट रोवून. जहाज अजून धक्क्याला बांधलेलं होतं, तरी त्याने ते पक्कं थांबवून धरलं होतं.

मायलेकी आपल्या खोलीत शिरल्या. लेकीने मोठ्या हौसेने पडदा सरकवला.

काचभर नारिंगी पोट. वरच्या कोपऱ्यात रुमालाएवढं आकाश.

लेक सावकाश वळली. चेहरा उतरला होता. "तुला माहीत होतं."

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं नाही असं ठरलं होतं आपलं."

"मी खाली जाऊन विचारते. खोली बदलून देतील का?"

देतील की. कॅप्टनला ते पुरतं ठाऊक होतं. अशा वेळी काउंटरवर कुणाला गाठायचं, आवाज कितपत चढवायचा, कुठल्या मजल्यावर खोल्या शेवटपर्यंत रिकाम्या राहतात, सगळं तिच्या जिभेवर होतं. तिचे पाय दाराकडे वळलेसुद्धा. मग तिने ते पाय बुटांतून बाहेर काढले, बूट पलंगाखाली सरकवले आणि आडवी झाली.

"मला काहीही चालेल," ती म्हणाली.

लेकीने खुर्ची ओढली, पलंगाला लावून बसली आणि हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली, "काहीही म्हणजे काय? नीट सांगा."

कॅप्टनला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही.

"अख्खी दुपार झोपायचंय," ती म्हणाली. "तू इथेच बस. आणि कुणी उठवायचं नाही."

लेकीने पडदा ओढून घेतला आणि खुर्ची सोडून आईच्या शेजारी पलंगावर येऊन बसली. थोड्या वेळाने जहाज हललं. शेजारच्या खोलीत नवऱ्याचा पाय धाडकन जमिनीवर आपटला आणि वन्सं त्याला ओरडल्या. कॅप्टनला तोवर डोळा लागला होता. बॅगा दाराशीच पडल्या होत्या. किती आल्या, किती राहिल्या, तिने मोजल्या नव्हत्या.