फोटोखाली काही लिहू नकोस

माझी हयात गेली सरकारी फायलींवर टिपणं लिहिण्यात. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ म्हटल्याशिवाय मला शिंकही येत नाही, असं बायको म्हणते. म्हणू दे.

तर मयूर विहारला आमच्या सोसायटीच्या कमिटीनं सुरक्षेच्या नावाखाली मागच्या छोट्या गेटाला कुलूप ठोकलं. पलीकडच्या सोसायटीत आईची पंजाबी मैत्रीण राहते. मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जायला आईचे गुडघे ऐकत नाहीत. आणि वडील गेल्यापासून दिल्लीत तिचं हक्काचं असं तेवढंच एक माणूस. माझं डोकंच फिरलं. तीन पानी अर्ज हाणला, चांगला शुद्ध हिंदीत, नियम-पोटनियमांसकट. मग स्मरणपत्र. कमिटी ढिम्म.

एका रविवारी माझ्या मुलीनं सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. गेटाच्या अलीकडे आई, पलीकडे मैत्रीण, दोघी उन्हात खुर्च्या टाकून बसलेल्या. मैत्रिणीच्या परातीत गजांतून हात घालून आई मटार सोलतेय.

मी म्हटलं, अगं, खाली दोन ओळी तरी हव्यात, लोकांना संदर्भ कसा कळणार? टाइप करायलाही लागलो, तर तिनं फोनच काढून घेतला.

“बाबा, फोटोखाली काही लिहू नकोस यार. तू लिहिलंस की लोक आजीकडे बघायचं सोडून तुझ्याशी वाद घालतील.”

मला भयंकर राग आला. कार्टी खरं बोलत होती, म्हणून जास्तच आला.

संध्याकाळच्या आत सेक्रेटरी दारात. ओशाळून म्हणाले, गेट उघडतो, पण ठरावाला आधार लागेल, तुमचा तो अर्ज पुन्हा मिळेल का? मी काय आनंदानं कपाट उघडलं म्हणता! तीन प्रती दिल्या.

ते गेल्यावर उरलेली प्रत वाचली. जिथं तिथं ‘वरिष्ठ नागरिक’ आणि ‘असुविधा’. मग फोटो पुन्हा नीट पाहिला. आई त्यात खदाखदा हसत होती. वडील गेल्यापासून तिला अशी हसताना मी पाहिलीच नव्हती. माझ्या तीन पानांत ते कुठंच नव्हतं.

गेट सकाळी दहाला उघडणार होतं. आई ठेवणीतली साडी नेसून आठलाच खाली जाऊन बसली. ऑफिसला उशीर होत होता, तरी मीही तिच्याशेजारी खुर्ची टाकली.