साडूंचा प्रोग्रॅम आणि समोरच्या बाई

लिहिण्याची इतकी जय्यत तयारी करून इतकं कमी लिहिलेला माणूस आमच्या साडूंशिवाय पुण्यात दुसरा नसेल. आणि हे मी पुण्याबद्दल बोलतोय, जिथे दर तिसऱ्या घरात एखादा ग्रंथ पूर्णत्वाच्या वाटेवर असतो. साडू राहतात बिबवेवाडीत आणि नोकरीला हिंजवडीत. या दोन ठिकाणांमध्ये कंपनीच्या बसमधून जो काळ जातो, त्यात माणसाचे विचार प्रौढ होतात. अशाच एका सकाळी, पुढची बस हलेना आणि मागच्या मोटारी गप्प बसेनात अशा अवस्थेत, या प्रवासावरच पुस्तक लिहायचं त्यांच्या मनाने घेतलं. घरी येऊन ते लिहायला बसले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की लिहायला आणि लिहिलेलं नीट लावून ठेवायला योग्य असं सॉफ्टवेअरच जगात नाही. मग पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी आधी सॉफ्टवेअर करायला घेतलं. ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची.

बाजारातल्या सॉफ्टवेअरवर त्यांचा राग तत्त्वाचा होता. ती सगळी आपलं लिखाण इंटरनेटवरून कुठल्या तरी परदेशी गोदामात नेऊन ठेवतात. साडूंचं म्हणणं असं, की आपला मजकूर दुसऱ्याच्या घरी ठेवायचा आणि तो वाचायला आपणच बेल वाजवून उभं राहायचं, हा कुठला न्याय? म्हणून त्यांचा प्रोग्रॅम इंटरनेटकडे ढुंकूनही बघत नाही. लिहिलेलं सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर, साध्या मजकुराच्या फायलींमध्ये राहतं. नवी आवृत्ती आली तरी तो ती आपणहून आणत नाही. न विचारता बाहेर जाणं त्याच्या स्वभावात नाही. शिवाय तो फुकट, आणि त्याचा कोड सर्वांना खुला. कोणीही बघावा, कोणीही सुधारावा. बघायला फारसं कोणी आलं नाही, ही गोष्ट वेगळी. मी एकदा विचारलं, की हे वापरतं कोण? त्यावर ते शांतपणे म्हणाले, "कोण वापरतं हे प्रोग्रॅम मला सांगायला लागला, तर मग तो चांगला प्रोग्रॅम कसला?"

प्रोग्रॅममध्ये कामांच्या याद्याही ठेवता येत, आणि त्यांचा पहिला प्रयोग अर्थात घरावर झाला. माझ्या मेव्हणीने सकाळी कोथिंबीर आणायला सांगितली, की साडू ती 'स्वयंपाक' या कामाखाली 'भाजी' या पोटकामात नोंदवत, तिला हिरवी खूण लावत आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत येत. मेव्हणी मला म्हणाली, "भावोजी, आमच्याकडे कोथिंबीर कुठे आहे ते एका क्षणात सापडतं. ती बाजारात आहे." पुस्तकाचीही तीच गत. प्रकरणं पाडून झाली होती, पोटप्रकरणं झाली होती, बसमधल्या प्रत्येक प्रवाशाला रंग नेमून दिला होता. पहिल्या प्रकरणात 'सकाळची वेळ होती' एवढं एक वाक्य होतं, आणि ते लिहिताना प्रकरणांना वेळ जोडायची सोय हवी असं सुचल्यामुळे साडू तिथूनच उठले होते.

या घरात गायकवाडबाई शिरल्या त्या फोनची तक्रार घेऊन. बाई समोरच्याच फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. सरकारी कचेरीत अधिकारी होत्या, निवृत्त झाल्यावर वडिलांचं चरित्र लिहायला बसल्या होत्या. वडील छप्पन्न सालच्या दीक्षेला कोवळ्या वयात नागपूरला गेलेले, पुढे जन्मभर खडकीला कारखान्यात राबून त्यांनी मुलींना शिकवलेलं. बाई हे सगळं फोनमध्ये लिहीत होत्या. फोन बिघडला आणि निम्मं चरित्र त्याच्याबरोबर गेलं. मुलीने आणून दिलेला जुना कॉम्प्युटर घरात होता, इंटरनेट नव्हतं, आणि घ्यायची इच्छाही नव्हती. साडू इतकी वर्षं ज्या माणसाची वाट बघत होते, तो समोरच्या दारात उभा होता.

त्यांनी त्याच दिवशी प्रोग्रॅम बसवून दिला. पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. बाईंनी आत येऊन सांगितलं, की जोडाक्षर खोडायला गेलं की शेजारचं अक्षरही जातं. "माझ्या वडिलांच्या नावात दोन जोडाक्षरं आहेत, ते सारखे अर्धे होतात." साडूंनी कंपनीतून रजा काढून ते दुरुस्त केलं. त्यानंतर रविवारची बेल ठरूनच गेली. बाईंना रंग नको होते, पोटकामं नको होती. "मला पान द्या आणि बाजूला व्हा," असं त्या म्हणाल्याचं साडू आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगत. आम्ही त्यांना असं काही सांगितलं असतं, तर महिनाभर बोलले नसते.

मग एका रविवारी मी तिथे बसलेलो असतानाच बाई आल्या, आणि त्यांनी बेल वाजवली नाही, दारच ठोठावलं. साडूंनी आदल्या दिवशी बसवलेल्या नव्या आवृत्तीत वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचं प्रकरण उघडत नव्हतं. पान कोरं येत होतं. ते प्रकरण आपण पुन्हा लिहू शकणार नाही, एवढंच बाई म्हणाल्या. आम्ही तिघेही समोर गेलो. साडूंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी प्रोग्रॅम दोनदा बंद करून उघडला, पान कोरंच. मग ते थांबले, त्यांनी प्रोग्रॅम कायमचा मिटल्यासारखा मिटला, आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर असतं तसलं साधं मजकूर दाखवणारं पान काढून त्यात ती फाईल उघडली. प्रकरण होतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत होतं.

मोतीबिंदूमुळे पडद्याजवळ वाकून बाईंनी ते पूर्ण वाचलं, डोळे पुसले आणि चष्मा परत लावला. "म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा गुण हा, की त्याच्यावाचून अडत नाही," त्या म्हणाल्या.

साडू म्हणाले, "हो. तेवढ्यासाठीच केलंय."

चरित्र छापून आलं. समारंभात बाईंनी वडिलांचे, आईचे आणि 'समोरच्या घराचे' आभार मानले. साडू मागच्या रांगेत बसून खुर्चीचा हात खरवडत होते. त्यानंतर काही महिन्यांनी बाई फ्लॅट बंद करून मुलीकडे नाशिकला गेल्या, कॉम्प्युटरसकट. साडूंना आता सगळे रविवार मोकळे मिळाले. पुस्तकाला याहून चांगला काळ नव्हता. पण मी गेलो की ते नुसते बसलेले असत. एकदा मला म्हणाले, "आता कोणी काही मोडून आणत नाही हो."

गेल्या महिन्यात गेलो, तर बऱ्याच दिवसांनी कामात दिसले. प्रोग्रॅममध्ये अक्षरं खूप मोठी करून वाचायची सोय केली होती. कोणी मागितली, असं मी विचारलं. कोणी नाही, म्हणाले. बाईंचा मोतीबिंदू आता वाढला असेल. मी म्हटलं, पण तुमचा प्रोग्रॅम तर नवी आवृत्ती आपणहून आणत नाही. मग ही बाईंपर्यंत पोचणार कशी?

मेव्हणी चहा घेऊन आली आणि कप ठेवून तशीच उभी राहिली.

"जाऊन यायला हवं," साडू म्हणाले.